फीनिक्सच्या उन्हात सुपरचार्जरचे पाणी : एका इंटरकूलर संचाचा दोन उन्हाळ्यांचा अनुभव

ज्या वस्तूबद्दल हे लिहितो आहे, म्हणजे सुपरचार्जरने (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राने) तापवलेली हवा पाण्याने गार करणारा इंटरकूलरचा संच, ती गाडीजवळ उभे राहिल्यावर दिसतही नाही. बंपरच्या खालच्या जाळीतून वाकून पाहिले तर आत काळ्या रंगाचा एक आडवा रेडिएटर तेवढा नजरेस पडतो. त्याच्या मागे बसवलेला पंप, चाकाच्या कमानीआड लपलेली पाण्याची छोटी टाकी आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या सहा नळ्या बघायच्या असतील तर बंपर उतरवावा लागतो. या अदृश्य सामानावर मी एप्रिल २०२४ मध्ये १,२४० डॉलर आणि ते बसवून घेण्यासाठी आणखी ६४० डॉलर खर्च केले. ज्या कंपनीचा हा संच आहे तिचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या कदाचित माझ्या वाट्याला आलेल्या एकाच खोक्यापुरत्या असतील, आणि अशा रचनेचे संच तीन-चार कंपन्या विकत असल्याने त्यातले बहुतेक मुद्दे कोणाचाही संच घेतला तरी लागू पडतील.

गाडी २०१२ सालची ऑडी एस-४ आहे. तीन लिटरचे व्ही-६ इंजिन, कारखान्यातून येताना ३३३ अश्वशक्ती आणि ४४० न्यूटन-मीटर टॉर्क. इंजिनाच्या दोन बाजूंमधल्या खोबणीत ईटन कंपनीचा सुपरचार्जर बसवलेला असतो. चार-चार पाकळ्यांचे दोन रोटर पट्ट्याच्या जोरावर फिरतात आणि एका फेऱ्यात सुमारे १.३२ लिटर हवा पुढे ढकलतात. हवा दाबली की ती तापते, सायकलला हवा भरताना पंपाचे टोक जसे चटका देते तसेच. ही तापलेली हवा तशीच सिलिंडरमध्ये गेली तर ती विरळ असते, शिवाय इंजिनात ठोके पडण्याची, म्हणजे इंधन भलत्या वेळी आपोआप पेटण्याची, भीती असते. म्हणून सुपरचार्जरच्याच खोक्यात, दोन्ही बाजूंना एकेक असे दोन लहान कूलर दिलेले आहेत. त्यांतून हवा बाहेरून आणि पाणी आतून जाते. ते पाणी विजेच्या छोट्या पंपाने पुढच्या रेडिएटरकडे नेले जाते, वाऱ्याने गार होते आणि परत येते. इंजिनाच्या मुख्य कूलंटपेक्षा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवापेक्षा) हे चक्र बरेच कमी तापमानावर चालते, पण मूळ रचनेत दोन्ही चक्रांची टाकी एकच असते.

एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. कारखान्यातून आलेल्या स्थितीत ही रचना आपल्या कामाला पुरेशी आहे. तिची कसोटी माझ्या हव्यासाने पाहिली. २०२१ साली मी सुपरचार्जरची पुली (पट्टा ज्यावरून फिरतो ते चाक) बदलून लहान व्यासाची बसवली आणि गाडीच्या संगणकातले गणितही त्यानुसार बदलून घेतले. पुली लहान झाली की रोटर अधिक वेगाने फिरतात, दाब वाढतो आणि दाबाबरोबर उष्णताही वाढते. मूळ दाब जास्तीत जास्त ०.८ बार. बाहेरची हवा ४५ अंश सेल्सिअस असताना एवढ्या दाबालाच रोटरांतून बाहेर पडणारी हवा १३० अंशांच्या घरात जाते, मग त्यावरच्या दाबाचे काय होत असेल ते सांगायला नको. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना एवढ्या हवेतून काढून घ्यावी लागणारी उष्णता ढोबळ हिशेबाने २० किलोवॅट भरते. आपल्या घरच्या बाथरूममधले दहा गीझर एकदम चालू केल्यावर जितकी उष्णता निर्माण होईल तितकी ती आहे, आणि ती वाहून नेण्याची जबाबदारी बोटभर जाडीच्या नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यावर असते.

मी राहतो अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्सच्या आग्नेयेला, चँडलरमध्ये. २०२३ च्या उन्हाळ्यात ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस फीनिक्समध्ये कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले. त्या महिन्यात माझी गाडी दुपारच्या वेळी पुली बदलण्यापूर्वीपेक्षाही मंद वाटू लागली. पहिल्यांदा ॲक्सिलरेटर दाबला की ती अपेक्षेप्रमाणे उसळी घेई, पण मिनिटभराने पुन्हा दाबला तर मागून कोणी दोरी धरल्यासारखी जाई. कारण सरळ होते. आत जाणारी हवा तापली की संगणक ठोके टाळण्यासाठी ठिणगीची वेळ मागे सरकवतो, आणि त्याने ताकद कमी होते. पैसे मोजून मिळवलेली ताकद उन्हाळ्याचे चार महिने संगणक परत घेत होता.

मोजल्याशिवाय खरेदी करायची नाही असे ठरवून मी जुलै आणि ऑगस्टमध्ये नोंदी ठेवल्या. कूलरमधून गार होऊन निघालेल्या हवेत बसवलेल्या संवेदकाचे तापमान आणि ठिणगीची वेळ लॅपटॉपवर नोंदवत, शहराबाहेरच्या एकाच सरळ रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला ३,००० ते ६,८०० फेऱ्यांपर्यंत गाडी ताणायची आणि नंतर ताशी १०० किलोमीटरच्या संथ वेगाने जाऊ द्यायची, अशी ही पद्धत होती. बाहेर ४२ अंश असताना संथ वेगात संवेदक ५५ दाखवी. एका ताणात तो ८४ वर जाई. तिथून ६० पर्यंत उतरायला तीन मिनिटांच्या आसपास लागत. त्याआधीच दुसरा ताण दिला तर ९३. ठिणगीची वेळ त्या दुसऱ्या ताणात पहिल्याच्या मानाने पाच अंशांनी (हे अंश तापमानाचे नव्हेत, इंजिनाच्या दांड्याच्या फिरण्याचे) मागे गेलेली असे. या आकड्यांतला ८४ बहुतेकांच्या डोळ्यांत भरतो. मला मात्र तीन मिनिटे हा आकडा जास्त बोचला. गाडी तापते याचे दुःख नव्हते, ती सावरत नाही याचे होते.

आता संचाकडे वळतो. खोक्यात मूळ रेडिएटरच्या दीडपट जाडीचा आणि अधिक रुंदीचा रेडिएटर होता, मूळ पंपापेक्षा मोठा पंप होता, दोन लिटरची वेगळी टाकी होती, आणि सिलिकॉनच्या नळ्या, क्लिपा, ब्रॅकेट आणि वायरिंग होते. वेगळ्या टाकीमुळे इंटरकूलरचे पाणी इंजिनाच्या गरम कूलंटपासून पूर्णपणे तुटते, हा या संचाचा मला आवडलेला मुख्य गुण. रेडिएटरचे वेल्डिंग सुबक आहे, पंख्यांच्या, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ पत्र्यांच्या, ओळी सरळ आहेत, काळा रंग एकसारखा बसलेला आहे, आणि टाकीच्या तोंडाच्या आट्या हाताला नेमक्या लागतात. धातूकामाला मी दहापैकी नऊ गुण देईन.

उरलेल्या गोष्टींना तेवढे देता येणार नाहीत. डाव्या बाजूच्या ब्रॅकेटचे भोक गाडीच्या चौकटीवरच्या भोकाशी चार मिलिमीटरने जुळत नव्हते, त्यामुळे गॅरेजवाल्याला ते कोरून लांबट करावे लागले, आणि कोरल्यावर उघड्या पडलेल्या धातूला पुन्हा रंग द्यावा लागला. सूचनापत्रातली छायाचित्रे नंतरच्या सालातल्या गाडीची होती, ज्यात हॉर्नची जागा वेगळी आहे. माझ्या गाडीत एक नळी थेट हॉर्नच्या पट्टीला घासत होती. हे पहिल्या दिवशीच लक्षात आले म्हणून बरे, नाहीतर दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये नळीला चीर गेली असती. नळ्यांसाठी दिलेल्या क्लिपा स्क्रूने आवळण्याच्या साध्या प्रकारच्या होत्या. सिलिकॉनची नळी गरम-थंड होताना फुगते आणि आक्रसते, आणि साधी क्लिप तिच्यामागे जात नाही. पहिल्याच आठवड्यात दोन सांध्यांवर कूलंटचे गुलाबी थेंब दिसू लागले. स्प्रिंगच्या, सतत ताण धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणून लावल्यावर ते थांबले. बाराशे डॉलरच्या संचात चाळीस डॉलरच्या क्लिपांवर काटकसर का करावी, हे मला अजून उमगलेले नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र खोक्यात नसलेल्या वस्तूची होती. रेडिएटरच्या कडेने हवा निसटू नये म्हणून त्याभोवती जो फोमचा किंवा प्लास्टिकचा बंदोबस्त असावा लागतो, तो संचात दिलेलाच नव्हता. हवेला अडथळ्यातून जाण्याची हौस नसते. जाड रेडिएटर आणि त्याच्या बाजूला दोन बोटांची मोकळी फट असे दोन रस्ते समोर असतील तर ती फटीतूनच जाते. मग रेडिएटर जितका जाड, तितकी फट तिला अधिक सोयीची. मी दुकानातून दाराला लावतात तशी फोमची पट्टी आणली आणि चारही बाजू बंद केल्या. अकरा डॉलरच्या या पट्टीने संथ वेगातले तापमान तीन अंशांनी उतरवले. संचातल्या कुठल्याही वस्तूने डॉलरमागे इतके काम केलेले नाही.

बसवण्याच्या कामाबद्दल सांगायचे तर, ज्या स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले तिथे जर्मन गाड्यांचीच कामे होतात. मालकाने बंपर उतरवून गाडीचा पुढचा भाग चौकटीसह काही इंच पुढे ओढून घेतला. या गाडीत तशी सोय मुळातच दिलेली आहे आणि तिच्यामुळे काम पुष्कळ सोपे होते. सकाळी नऊला दिलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. कामात नेटकेपणा होता, जुने सामान एका खोक्यात नीट बांधून परत मिळाले, आणि ब्रॅकेट कोरण्याआधी मला फोन करून विचारले गेले. हे शेवटचे मी मुद्दाम नोंदवतो, कारण न विचारता भोके पाडणारी गॅरेजेही मी पाहिली आहेत.

आणि तरीही घरी येताना तापमान ८० च्या खाली येईना. बाहेर ३३ अंश, रस्ता मोकळा, ॲक्सिलरेटरला पाय जेमतेम लागलेला, आणि संवेदक ८०, ८१, ८०. मूळ सामानावरही हा आकडा एवढ्या संथ चालीत मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पंप हाताने चाचपला. तो थरथरत होता, म्हणजे फिरत होता. फ्यूज ठीक होता. टाकी काठोकाठ होती. गॅरेजला रविवारची सुट्टी होती आणि मी मनातल्या मनात त्या कंपनीला शिव्यांची लाखोली वाहत होतो.

त्या संध्याकाळी सांगलीला काकांना फोन केला होता तो वेगळ्याच कारणासाठी. काकांनी पस्तीस वर्षे ट्रकचे गॅरेज चालवले. सुपरचार्जर त्यांनी आयुष्यात उघडलेला नाही. मी सहज बोलता बोलता सांगितले तर म्हणाले, “अरे, पाणी फिरतंय असं तुला वाटतंय. मोटर फिरली म्हणजे पाणी फिरलं असं नसतं. टाकीचं झाकण उघडून बघ, आत लाट दिसते का. नसेल तर हवा धरली आहे. सगळ्यात उंच जागा कुठली आहे ती शोध आणि तिथून सोड.” मी झाकण उघडले. पाणी तळ्यासारखे निश्चल. या गाडीत सर्वांत उंच जागा म्हणजे सुपरचार्जरच्या माथ्यावर असलेला हवा सोडण्याचा स्क्रू. पंप चालू ठेवून तो अर्धा फेरा सैल केला तेव्हा सुस्कारा सोडल्यासारखा आवाज जवळजवळ वीस सेकंद येत राहिला, मग फेस आला, आणि मग गुलाबी पाण्याची सलग धार. टाकीतली पातळी जवळपास पाऊण लिटरने उतरली आणि पाण्यावर लाट उठू लागली. तेवढी हवा त्या दोन कूलरांत अडकून बसली होती. म्हणजे बाराशे डॉलरचे सामान कोरड्या कूलरांभोवती पाणी ढवळत होते. पुढे गॅरेजच्या मालकाने चूक मान्य करून व्हॅक्यूम लावून, म्हणजे आधी आतली हवा ओढून काढून, पुन्हा पाणी भरून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. जो कोणी हे काम करून घेईल त्याने पाणी व्हॅक्यूमने भरण्याचा आग्रह धरावा. नुसते ओतून आणि इंजिन चालवून या चक्रातली हवा निघत नाही, कारण कूलर टाकीपेक्षा उंचावर आहेत.

त्यानंतरच्या नोंदी जुलै २०२४ च्या आहेत. त्याच रस्त्यावर, तशाच पद्धतीने, बाहेर ४२ अंश असताना घेतलेल्या. संथ वेगात ४९. एका ताणात ६७. ६० पर्यंत उतरायला पंचवीस सेकंद आणि परत पन्नाशीला यायला मिनिटाच्या आतबाहेर. लगेच दुसरा ताण दिला तर ७१, आणि ठिणगी मागे गेलेली एक अंशाने. डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) गाडी चढवलेली नाही, त्यामुळे अश्वशक्ती किती वाढली हे मी सांगणार नाही. निव्वळ घनतेचा हिशेब केला तर ८४ च्या जागी ६७ अंशांची हवा सुमारे पाच टक्के दाट असते. त्यावर ठिणगीची वेळ परत मिळाली त्याचा लाभ वेगळा. पण गाडी चालवताना जाणवते ते हे की दुसरा, तिसरा आणि चौथा ताण पहिल्यासारखाच जातो. मी ज्यासाठी पैसे मोजले होते ते मला मिळाले.

यातले श्रेय कोणाचे किती, याचा विचार करताना एक जुना गैरसमज आड येतो. पाणी सावकाश फिरले तर रेडिएटरमध्ये जास्त वेळ राहते आणि म्हणून जास्त गार होते, असे चांगले जाणकारही सांगतात. जास्त वेळ रेडिएटरमध्ये राहणारे पाणी कूलरमध्येही तितकाच जास्त वेळ तापत बसते, हे ते विसरतात. मिनिटाला १५ लिटर कूलंट फिरते असे धरले तर २० किलोवॅट उष्णता घेऊन ते कूलरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २३ अंशांनी तापेल, म्हणजे कूलरचा शेवटचा भाग हवेला फारसे गार करूच शकणार नाही. हेच पाणी ३० लिटरने फिरवले तर वाढ निम्म्यावर येते आणि पूर्ण कूलर कामाला लागतो. म्हणून माझ्या मते या संचाचा कणा तो मोठा रेडिएटर नसून पंप आहे. टाकीचे महत्त्व त्याखालोखाल. एक लिटर कूलंटला एक अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात सुमारे तीन घनमीटर हवा एक अंशाने तापते, त्यामुळे जादा दोन लिटर म्हणजे आठ-दहा सेकंदांच्या ताणासाठी चांगलीच गंगाजळी आहे. रेडिएटरचे काम त्यानंतर, ती गंगाजळी पुन्हा भरून देण्याचे.

जे सुधारले नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे, कारण जाहिरातीत ते नसते. दुपारी किराणा आणायला पंधरा मिनिटे गाडी उन्हात उभी केली आणि परत येऊन चालू केली तर संवेदक पूर्वी ७८ दाखवत असे, आता ७५ दाखवतो. सुपरचार्जर दोन तापलेल्या सिलिंडर हेडांच्या मधोमध बसलेला आहे, तव्यावर ठेवलेल्या भांड्यासारखा. पंप बंद असताना कितीही मोठा रेडिएटर पुढे असला तरी त्याचा उपयोग नाही. फरक इतकाच की पूर्वी गाडी निघाल्यावर चार-पाच मिनिटे लागत, आता दीड मिनिटात आकडा साठच्या खाली येतो. सिग्नलवर आणि रांगेत अडकल्यावरही फारसा लाभ नाही. शिवाय वाऱ्यावर गार होणारे पाणी वाऱ्यापेक्षा गार होऊच शकत नाही. बाहेर ४५ असेल तर ४५ ही तळरेषा, आणि प्रत्यक्षात तिच्याही चार-सहा अंश वर.

तळरेषेच्या खाली जायचे असेल तर रस्ते वेगळे आहेत. डॉजने २०१८ च्या चॅलेंजर एसआरटी डीमन गाडीत शर्यतीच्या वेळी एसीचा गारवा प्रवाशांऐवजी इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवण्याची सोय दिली होती, आणि त्या धर्तीचे संच आता इतर गाड्यांसाठीही मिळतात. मी तो विचार सोडून दिला, कारण फीनिक्सच्या जुलैमध्ये एसीवर पहिला हक्क माझा आहे असे माझे मत आहे, आणि घरच्या मंडळींचे तर ते मत माझ्याहून ठाम आहे. दुसरा मार्ग बर्फाचा. ड्रॅग स्ट्रिपवर (छोट्या सरळ शर्यतींच्या पट्टीवर) डिकीतल्या टाकीत बर्फ भरून येणारे बरेच जण असतात. पाच किलो बर्फ वितळताना साधारण १,६७० किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणजे पूर्ण ताकदीचे ऐंशी-एक सेकंद. पाव मैलाच्या धावेला ते उदंड झाले, पण इथून फ्लॅगस्टाफला जायला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

फ्लॅगस्टाफचा उल्लेख उगाच केलेला नाही. आय-१७ महामार्गाने फीनिक्समधून निघाले की वाळवंटातून सुरुवात करून सुमारे २,१०० मीटर उंचीपर्यंत चढायचे असते, आणि ब्लॅक कॅन्यन सिटीच्या पुढचा चढ उन्हाळ्यात गाड्यांचा अंत पाहतो. लहानपणी खंबाटकी घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि ॲम्बॅसडर पाहिल्या होत्या. इथे त्यांच्या जागी सामान ओढणाऱ्या मोठ्या पिकअप असतात, एवढाच फरक. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या चढावर ट्रक ओलांडताना माझ्या गाडीने ९६ दाखवले होते. संच बसवल्यावर त्याच महिन्यात, चार माणसे आणि भरलेली डिकी घेऊन, ६९ च्या वर आकडा गेला नाही, आणि इंजिनाच्या मुख्य कूलंटचे तापमानही जागचे हलले नाही. पुढे जाड रेडिएटर आल्याने मागच्या मुख्य रेडिएटरला हवा कमी पडेल ही माझी धास्ती होती. ती निराधार ठरली. एसी मात्र सिग्नलवर उभे असताना पूर्वीपेक्षा किंचित कमी गार वाटतो. मोजलेले नाही, त्यामुळे भास असण्याची शक्यता धरून चालावे.

कूलंटच्या मिश्रणाबद्दल गॅरेजवाल्याशी माझा थोडा वाद झाला. निव्वळ पाणी ग्लायकोलच्या (पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाच्या) मिश्रणापेक्षा उष्णता जास्त वाहून नेते, तेव्हा फीनिक्ससारख्या गावात ग्लायकोल अगदी थोडे ठेवावे असे त्याचे म्हणणे. पण डिसेंबरात आम्ही मुलांना बर्फ दाखवायला फ्लॅगस्टाफलाच नेतो, आणि तिथे रात्री गाडी उघड्यावर असते. शेवटी चाळीस टक्के ग्लायकोल आणि बाकी डिस्टिल्ड पाणी यावर तडजोड झाली. नळाचे पाणी इथे इतके क्षारयुक्त आहे की घरच्या किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो. ते कूलरच्या बारीक वाटांमध्ये घालण्याची चूक कोणी करू नये.

दुसऱ्या उन्हाळ्यात संथ वेगातला आकडा हळूहळू ४९ वरून ५३ वर सरकला तेव्हा पुन्हा हवा धरली असे वाटून मी तडक तो वरचा स्क्रू गाठला. हवा नव्हती. जुलैतल्या धुळीच्या वादळांनी आणि महामार्गावरच्या किड्यांनी रेडिएटरच्या पंख्यांमध्ये वाळलेल्या चिखलाचा लेप दिला होता. बंपरची जाळी काढून, साध्या नळीने, मागून पुढे अशा दिशेने पाणी मारल्यावर आकडा पन्नासवर आला. जोराच्या फवाऱ्याने धुण्याचा मोह आवरावा, कारण पंखे फार पातळ आहेत आणि माझ्याकडे उजव्या कोपऱ्यातले काही खड्यांनी आधीच वाकलेले आहेत. पुढे बारीक जाळी बसवण्याचा विचार होता, पण जाळी म्हणजे हवेला पुन्हा अडथळा, म्हणून सध्या तसेच चालवतो आहे. पंपाचा आवाज इंजिन चालू असताना ऐकू येत नाही. इंजिन बंद केल्यावर तो काही क्षण गुणगुणत राहतो, आणि शेजाऱ्यांनी एकदा गाडी चालूच राहिली आहे असे समजून दार वाजवले होते.

कोणी घ्यावा, याबद्दल माझे मत असे आहे की पुली आणि संगणक मूळ स्थितीत असलेल्या गाडीसाठी हा संच घेऊ नये. तसल्या गाडीत आधी मूळ पंप खरोखर पाणी फिरवतो आहे ना, चक्रात हवा नाही ना, आणि मूळ रेडिएटरभोवतीचे प्लास्टिकचे आवरण मागच्या कुठल्या तरी दुरुस्तीत गहाळ झालेले नाही ना, एवढे पाहावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील आणि त्यांचा खर्च एका दुपारचा आहे. दाब वाढवलेल्या आणि उष्ण प्रदेशात राहणाऱ्या गाडीला मात्र पंप आणि वेगळी टाकी यांची गरज आहे. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी संच घेण्याऐवजी हे दोन सुटे घेऊन, मूळ रेडिएटरभोवती फोम लावून आधी एक उन्हाळा काढून पाहीन, आणि रेडिएटर नंतर. पुण्याच्या एका मित्राने त्याच्या जुन्या मर्सिडीज सी-२०० कोम्प्रेसरसाठी असा संच मागवावा का असे विचारले होते. त्याला नको म्हणून सांगितले, कारण त्या गाडीत हवेनेच हवा गार करण्याची रचना आहे, पाण्याचे हे चक्रच नाही.

ब्रॅकेटच्या भोकाबद्दल कंपनीला छायाचित्रांसह लिहिले होते. नऊ दिवसांनी उत्तर आले, दिलगिरी होती, आणि सोबत नवे ब्रॅकेट पाठवत असल्याचे कळवले होते. ते आले, आणि त्याचे भोक जुळते. पण कोरलेले जुने ब्रॅकेट घट्ट बसलेले असल्याने नवे अजून गॅरेजच्या फळीवर पडून आहे. येत्या एप्रिलमध्ये बंपर पुन्हा उतरवायचा आहे, तेव्हा ते बसवून घेईन, हॉर्नजवळच्या नळीवर चढवलेले रबर बदलीन, आणि पाणी भरून झाल्यावर टाकीचे झाकण उघडून आधी लाट पाहीन.